बंद छत्रीचा रस्ता

मित्रांनो, एक कोडं सोडवा. जुलै महिना आहे, मुंबईत पाऊस नुसता कोसळतोय. तुम्ही लोकलनं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर, म्हणजे आपल्या जुन्या व्ही.टी.ला उतरलात. जायचंय हुतात्मा चौकात. छत्री घरीच राहिली आणि खिशात टॅक्सीपुरते पैसे नाहीत. तर कमीत कमी भिजून कसं पोचाल?

मुंबईची मुलं लगेच हात वर करतील. त्यात काय! भुयारी मार्गानं रस्ता ओलांडायचा, दादाभाई नौरोजी रस्त्यावर यायचं आणि इमारतींच्या कमानींखालून चालत सुटायचं. मधल्या गल्ल्या ओलांडताना चार थेंब अंगावर येतील तेवढेच. बाकी बरीचशी वाट छपराखालची. एका बाजूला दुकानं, दुसऱ्या बाजूला जाडजूड दगडी खांब आणि मधून माणसांची ये-जा.

आता खरं कोडं. या रस्त्यावरच्या इमारती वेगवेगळ्या मालकांनी, वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या वास्तुविशारदांकडून बांधून घेतल्या. एकीच्या कमानी टोकदार, तर दुसरीच्या अर्धगोल. कुणाला घुमट आवडला, कुणाला ग्रीक देवळासारखे खांब. एकीचं तोंड दुसरीसारखं नाही. मग या सगळ्यांच्या ओसऱ्या मात्र एकमेकींना जोडल्या गेल्या कशा? दोन शेजाऱ्यांचं कुंपणाच्या भिंतीवरूनसुद्धा एकमत होत नाही, हे तुम्ही पाहतच असाल!

या कोड्याचं उत्तर आहे एक नियम. १८९६ सालचा.

त्याच्या आधीची थोडी गोष्ट सांगायला हवी. मुंबईच्या या भागाला आजही 'फोर्ट' म्हणतात, कारण इथं खरोखरच किल्ला होता. तट, बुरूज, दरवाजे, खंदक, सगळं काही. १८६२ ते १८६७ या काळात सर बार्टल फ्रिअर मुंबईचे गव्हर्नर होते. त्यांच्या कारकिर्दीत हा तट पाडायला घेतला. त्याच सुमाराला अमेरिकेत यादवी युद्ध चाललं होतं. तिथला कापूस इंग्लंडला मिळेना, म्हणून हिंदुस्थानातल्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि मुंबईच्या व्यापाऱ्यांकडे पैशांचा पूर आला. तट गेला, जागा मोकळी झाली, आणि किल्ल्याच्या आतली एक छोटी वाट रुंद होऊन तिचा हमरस्ता झाला. त्याला जुन्या काळच्या विल्यम हॉर्नबी या गव्हर्नरांच्या नावावरून 'हॉर्नबी रोड' म्हणत. दादाभाई नौरोजींचं नाव त्याला नंतर मिळालं.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मोठमोठ्या इमारती उठू लागल्या. तेव्हा सरकारनं नियम घातला: या रस्त्यावर इमारत बांधायची असेल, तर तिच्या तळमजल्यावर, रस्त्याच्या बाजूला, पायी चालणाऱ्यांसाठी कमानींची ओसरी ठेवली पाहिजे.

बघा हं, नियम तसा साधा वाटतो. पण मालकाच्या जागी उभं राहून विचार करा. फोर्टातली जमीन म्हणजे तेव्हाही पैशांची खाण. त्यातही सगळ्यात मोलाची जागा कुठली? रस्त्याला लागून असलेली, जिथं दुकानाची काच लावता येते ती. नेमकी तीच पट्टी सोडून द्यायची, तिच्यावर दगडी कमानी स्वतःच्या खर्चानं बांधायच्या, आणि त्यांच्याखालून कुणीही यावं, कुणीही जावं! तुमच्या घराच्या पडवीतून गावानं जा-ये करावी, तसंच की हे.

पण नियम करणाऱ्यांनी एक खुबी ठेवली होती. ओसरी फक्त तळमजल्यावर. वरचे मजले मालकानं ओसरीच्या डोक्यावर, पार रस्त्याच्या कडेपर्यंत बांधावेत. म्हणजे खालची पट्टी गेली, तरी वरच्या खोल्या मिळाल्याच. शिवाय दुकानदाराचाही फायदा. मुंबईत जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सुमारे दोन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. एवढ्या पावसात उघड्या फूटपाथवर उभं राहून दुकानातल्या वस्तू कोण न्याहाळणार? कमानीखाली मात्र माणूस रेंगाळतो, आणि जो रेंगाळतो तो कधी ना कधी आत शिरतो. उन्हाळ्यातही तेच. वैशाखाचं ऊन खांबांच्या पलीकडेच राहतं, दुकानाच्या भिंतीपर्यंत पोचतच नाही, त्यामुळे आतली खोलीही कमी तापते. तेव्हा एअर कंडिशनर नव्हते, हे विसरू नका.

अशी युक्ती जगात मुंबईलाच पहिल्यांदा सुचली असं मात्र नाही. इटलीत बोलोन्या नावाचं शहर आहे. तिथं १२८८ साली, म्हणजे आपल्याकडे संत ज्ञानेश्वरांचा काळ चालू होता तेव्हा, कायदा झाला की प्रत्येक नव्या घराला रस्त्याच्या बाजूनं अशी ओसरी असलीच पाहिजे. तिची उंची किती ठेवायची? घोड्यावर बसलेला माणूस डोकं न आपटता आरामात जाईल इतकी! जागा मालकाची, डागडुजी मालकानं करायची, वापर मात्र सगळ्या गावाचा. त्या शहरातल्या अशा ओसऱ्या एकापुढे एक जोडल्या तर सुमारे ६२ किलोमीटर भरतात. २०२१ साली युनेस्कोनं त्यांना जागतिक वारसा म्हणून मान दिला.

मोठ्या माणसांच्या भाषेत अशा नियमांना 'वास्तुरचनेची नियमावली' म्हणतात. जिथं दुकानं, कचेऱ्या, बँका, हॉटेलं आणि घरं एकत्र उभी राहायची असतात, तिथं पहिली वीट ठेवण्याआधीच हे नियम लिहून काढायचे असतात. इमारत किती उंच? रस्त्यापासून किती लांब? झाडं कुठं, मोटारी कुठं? दुकानाची पाटी केवढी? ही नियमावली कुणी कपाटात लावून ठेवत नाही आणि तिच्यावर सिनेमाही निघत नाही. पण तुम्ही रस्त्यानं चालताना भिजता की कोरडे राहता, हे ती ठरवते.

फोर्टमध्ये अशा नियमांचे तीन वेगवेगळे नमुने एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. एक दादाभाई नौरोजी रस्ता. दुसरा त्याच्याहून जुना. हुतात्मा चौकातून वीर नरिमन रस्त्यानं पूर्वेला चालत गेलात, की सेंट थॉमस कॅथीड्रलच्या पुढं एक गोल बाग लागते. ती हॉर्निमन सर्कल.

या जागेची कथा मजेदार आहे. किल्ला होता तेव्हा हे मोकळं मैदान होतं, 'बॉम्बे ग्रीन'. इथं कापसाच्या गाठींचे डोंगर रचलेले असायचे, म्हणून लोक त्याला 'कॉटन ग्रीन'ही म्हणत. १८४४ साली कापसाचा बाजार कुलाब्याला हलवला. मग मैदानाला वाली उरला नाही. नारळाच्या करवंट्या आणि शहराचा कचरा इथं येऊन पडू लागला. चार्ल्स फोर्जेट नावाचे अधिकारी तेव्हा मुंबईच्या पोलिसांचे प्रमुख होते. त्यांच्या मनात आलं, इथं एक गोल बाग करावी आणि तिच्याभोवती वर्तुळात सारख्या इमारती. पोलीस अधिकाऱ्यानं चोर पकडायचे सोडून बागेचा नकाशा काढला! लॉर्ड एल्फिन्स्टन आणि नंतर फ्रिअर या गव्हर्नरांनी कल्पना उचलून धरली. १८६० नंतरच्या दशकात इमारती उभ्या राहिल्या आणि १८७२ पर्यंत बागही पुरी झाली. नाव पडलं 'एल्फिन्स्टन सर्कल'. स्वातंत्र्यानंतर ते बदलून बेंजामिन हॉर्निमन यांचं नाव दिलं. हे 'बॉम्बे क्रॉनिकल'चे संपादक, इंग्रज असूनही आपल्या स्वातंत्र्यलढ्याच्या बाजूनं लिहिणारे.

इथला नियम दादाभाई नौरोजी रस्त्याहून कडक. तिथं ओसरी ठेवा, बाकी हवं ते करा. इथं मात्र दर्शनी भागच ठरलेला. भूखंड वेगवेगळे घ्या, आत हवं तसं बांधा, पण बागेकडचं तोंड सगळ्यांचं एकमेकांना साजेसं, भिंती वर्तुळाप्रमाणे वळलेल्या, आणि खाली पुन्हा कमानींची ओसरी. म्हणून बागेच्या मधोमध उभं राहून स्वतःभोवती फिरलात, तर इमारती कुठं संपतात आणि कुठं सुरू होतात ते चटकन कळत नाही. एका बाजूला १८३३ सालचा टाऊन हॉल, त्याच्या त्या रुंद पायऱ्यांसकट. तीच आपली एशियाटिक लायब्ररी.

आणि मधली बाग? जमीन विकून पैसा करायचा असता, तर बागेच्या जागेवरही चार-सहा टोलेजंग इमारती सहज बसल्या असत्या. पण मग त्या गोलाकार इमारतींच्या खिडक्यांमधून दिसलं काय असतं? समोरच्याच्या खिडक्या! झाडांची जागा नियमातच राखून ठेवली, म्हणून दीडशे वर्षांनंतरही बँकेत काम करणारी माणसं दुपारचा डबा झाडाखाली खाऊ शकतात. टाऊन हॉलसमोरच्या वडांच्या सावलीतच तर १८५० नंतर शेअर दलाल जमायचे. पुढे १८७५ साली त्यांची संस्था झाली, तोच आजचा मुंबई शेअर बाजार. सावलीत उभं राहून सौदे करायचे आणि त्यातून एवढी मोठी संस्था उभी राहायची, हे मला तरी फार आवडतं.

तिसरा नमुना बॅलार्ड इस्टेट, हॉर्निमन सर्कलपासून गोदीच्या दिशेनं. आता नवल ऐका: ही जमीनच मुळी नव्हती. तिथं समुद्र होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पोर्ट ट्रस्टनं अलेक्झांड्रा गोदी खणायला घेतली (तिलाच आता इंदिरा गोदी म्हणतात), ती १९१४ साली सुरू झाली. एवढी प्रचंड गोदी खणल्यावर निघालेली दगडमाती टाकायची कुठं? ती समुद्रात भरून २२ एकर नवी जमीन तयार केली. तिच्यावर कचेऱ्यांची वसाहत बसवायचं काम जॉर्ज विटेट यांच्याकडे आलं. गेट वे ऑफ इंडिया आणि आज छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव असलेलं वस्तुसंग्रहालय, ही दोन्ही कामं त्यांचीच.

विटेट यांनी इथं एकसारखेपणा आणला. युरोपातल्या जुन्या शहरांसारखी शैली, साधारण सारख्या उंचीच्या इमारती, रुंद फूटपाथ, कडेला झाडं. मान वर करून बघितलंत तर छपराखालची दगडी पट्टी एका इमारतीवरून दुसरीवर रेघ ओढल्यासारखी जाताना दिसते. सकाळी दहाला तिथं गेलात तर लंडनच्या एखाद्या गल्लीत आल्यासारखं वाटतं. पण संध्याकाळी सातनंतर जाऊन बघा. सामसूम! कारण तिथं जवळजवळ सगळ्या कचेऱ्याच. कचेऱ्या सुटल्या की रस्ते झोपतात.

दादाभाई नौरोजी रस्त्याचं तसं नाही. तिथं चष्म्याची दुकानं आहेत, बँका आहेत, वकिलांच्या कचेऱ्या आहेत. महापालिकेचं मुख्यालय आहे, शाळा आहे, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी काढलेल्या संस्थेचं सिद्धार्थ महाविद्यालय आहे, पेटिट वाचनालय आहे. वाच्छा अग्यारी आहे, जिच्या दाराशी माणसाच्या तोंडाचे पंखवाले बैल उभे आहेत. सकाळी विद्यार्थी, दुपारी गिऱ्हाईक, संध्याकाळी स्टेशनकडे धावणारे चाकरमानी. माझं मत विचाराल तर दिसायला बॅलार्ड इस्टेट देखणी, पण राहायला-वावरायला नौरोजी रस्ताच बरा. वेगवेगळ्या कामांची सरमिसळ असली की रस्ता जागा राहतो.

मग काय बिघडलं? तुम्ही म्हणाल, आम्ही तर तिथून गेलो होतो, आम्हाला काही एवढं छान दिसलं नाही. बरोबर आहे तुमचं.

१८९६ च्या नियमानं ओसरी बांधायला लावली. ती पुढं कुणी सांभाळायची, हा प्रश्न राहूनच गेला. १९४७ साली भाडेनियंत्रणाचा कायदा आला. भाडेकरूंना रस्त्यावर यावं लागू नये म्हणून तो होता आणि त्यानं कित्येक कुटुंबांना आधार दिला. पण भाडी गोठली ती गोठलीच. दगडाची दुरुस्ती मात्र दरवर्षी महाग होत गेली, आणि मालक म्हणू लागले, महिन्याकाठी मिळतात थोडे रुपये, त्यात कमानी कुठल्या दुरुस्त करू? इकडे दुकानदारांची पाट्यांची शर्यत लागली. शेजाऱ्यानं चार फुटांची पाटी लावली, तर मी सहा फुटांची लावणार! पाट्यांनी कमानी झाकल्या, कोरीव नक्षीवर खिळे ठोकले, वायरींची जाळी झाली, एअर कंडिशनरचे डबे खिडक्यांतून बाहेर आले. कुणी ओसरीचा आपल्यापुढचा तुकडा काच लावून दुकानातच घेतला.

आणि पथारीवाले. चालायची वाट त्यांनी अडवली, अशी तक्रार दुकानदार करतात. ती खोटी नाही. ढकलाढकली करत चालताना आजी-आजोबांचे हाल होतात. पण पथारीवाल्याचं म्हणणंही ऐकायला हवं. ज्या सावलीमुळे गिऱ्हाईक रेंगाळतं, त्याच सावलीत तोही उभा आहे. आणि मोठ्या दुकानात जे घड्याळ परवडत नाही ते त्याच्याकडे परवडतं. फेरीवाल्यांच्या पोटापाण्याचं रक्षण करणारा कायदा देशात २०१४ साली झाला. कुणी किती फुटांत बसायचं आणि चालणाऱ्यांना किती मोकळं सोडायचं, हे भांडण अजून मिटलेलं नाही.

पाट्यांचं भांडण मात्र बरंचसं सुटलं, आणि तेही कसं ते ऐकण्यासारखं आहे. १९९५ साली मुंबईत वारसा इमारतींसाठी नियम लागू झाले. एखाद्या भारतीय शहराला असे नियम मिळाल्याचं हे पहिलंच उदाहरण. त्यानंतर काही वर्षांतच आभा नारायण लांबा या तरुण वास्तुविशारद बाईंनी नौरोजी रस्त्यासाठी एक मार्गदर्शक पुस्तिका तयार केली. दुकानाची पाटी कुठं आणि केवढी असावी, रस्त्यावरची बाकं-दिवे कसे असावेत, दर्शनी भाग कसे दुरुस्त करावेत, असं त्यात होतं. म्हणजे १८९६ च्या नियमाला शंभर वर्षांनी जोडलेली पुरवणीच म्हणा ना!

मुख्य सूचना कुणालाही पटेल अशी होती. पाटी कमानीवर ठोकू नका, कमानीच्या आत बसवा. कमान पुरी दिसू द्या, खांब मोकळे ठेवा. पाटी लहान झाली तर धंदा बुडेल, अशी भीती दुकानदारांना वाटणं साहजिक होतं. तेव्हा सक्तीपेक्षा समजुतीवर भर दिला गेला. आधी काही इमारतींवर करून दाखवलं. लोकांच्या ध्यानात आलं, की सगळ्यांच्याच पाट्या लहान झाल्या तर कुणाचीच लपत नाही. उलट मोठ्या मोठ्या पाट्यांच्या गर्दीत एकही नीट वाचता येत नव्हती! पुढं रहिवासी आणि दुकानदारांनी 'हेरिटेज माइल असोसिएशन' काढली, आणि २००४ साली युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत या रस्त्याच्या कामाची दखल घेतली गेली.

आता जरा उत्तरेला जाऊ. वांद्रे-कुर्ला संकुल, म्हणजे बीकेसी, तुम्ही पाहिलं असेल. मिठी नदीकाठच्या दलदलीच्या जागेवर भराव घालून वसवलेलं. १९७७ पासून त्याच्या आखणीची जबाबदारी एका सरकारी प्राधिकरणाकडे आहे, त्याला आता एमएमआरडीए म्हणतात. राष्ट्रीय शेअर बाजार, हिरे बाजार, बँका, परदेशी वकिलाती, सगळं तिथं आहे. नियमही भरपूर आहेत. रस्ते रुंद, झाडं लावलेली. पण दुपारी एक वाजता तिथं एका इमारतीतून दुसरीत पायी जाऊन बघा. प्रत्येक इमारत आपापल्या कुंपणाच्या आत, रस्त्यापासून मागं सरकलेली. मधे फाटक, पहारेकरी, मोटारींचा उतार. इमारतीच्या आत गारेगार, बाहेर फूटपाथवर तुम्ही आणि ऊन!

इथं बारीक फरक लक्षात घ्या. फोर्टमधला नियम सांगत होता, इमारत रस्त्याच्या अगदी कडेपर्यंत आणा, पण तिचे पाय चालणाऱ्यांसाठी मोकळे ठेवा. नव्या काळचे नियम बहुधा सांगतात, इमारत मागं घ्या, भोवती मोकळी जागा सोडा. हेतू वाईट नाही. हवा खेळावी, आग लागली तर बंब जावा, म्हणून ती जागा. पण तिच्याभोवती कुंपण पडलं, की ती ना रस्त्याची राहते ना धड बागेची. दोन नियम, दोन्ही चांगल्या मनानं केलेले, आणि पायी चालणाऱ्याच्या वाट्याला आलेली गोष्ट अगदी उलट. २०२४ साली भुयारी मेट्रो बीकेसीत पोचली. आता हजारो माणसं तिथं मोटारीतून न उतरता जमिनीखालून वर येतात आणि चालू लागतात. त्यांना सावली कोण देणार, हा प्रश्न तुमच्यापैकी कुणी मोठेपणी वास्तुविशारद झालं, तर त्याच्या टेबलावर नक्की येईल.

आई-बाबांना सांगून एखाद्या रविवारी सकाळी फोर्टला जा. रविवारी गर्दी कमी, कमानी नीट दिसतात. बरोबर वही-पेन्सिल घ्या. व्ही.टी.कडून हुतात्मा चौकाकडे चालत जाताना प्रत्येक इमारतीसाठी एक चौकोन काढा. आत तिच्या कमानीचा आकार काढा: टोकदार, अर्धगोल की कंगोऱ्यांची. जिथं ओसरी काच लावून बंद केलीय तिथं फुली मारा, जिथं पाटीनं कमान झाकलीय तिथं पाटीचं चित्र काढा. ओसरीची रुंदी पावलांनी मोजा. मग पुढं हॉर्निमन सर्कलच्या बागेत बसून डबा खा.

मुंबईपासून लांब राहत असाल तर आपल्या गावच्या बाजारपेठेत हेच करा. दुकानाच्या पायऱ्या कुठपर्यंत आल्यात, पन्हळीचं पाणी कुणाच्या डोक्यावर पडतं, आजोबांना टेकायला ओटा कुठं आहे, ते बघा. आणि नगरपालिकेत कुणी ओळखीचं असेल तर विचारा, आपल्या पेठेसाठी असे काही लिहिलेले नियम आहेत का, आणि असतील तर ते आम्हाला वाचायला मिळतील का?